एक फासा, शंभर गुण आणि थांबण्याची वेळ

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: घरात सात वर्षांची मुलगी, दहा वर्षांचा मुलगा, त्यांची आजी आणि आपण दोघे अशा पाच जणांना एकत्र बसून खेळता येईल असा फाशांचा सोपा खेळ हवा आहे, पत्त्यांच्या डावात धाकटी नेहमी मागे पडते, तिला कच्चा लिंबू ठरवले की ती रुसून उठते, आणि आपण स्वतः फाशांचा कोणताही खेळ यापूर्वी कुणाला शिकवलेला नाही. मी बरीच वर्षे मुलांना आणि त्यांच्या पालकांना बैठे खेळ शिकवत आलो आहे. अशा घराला मी बहुतेक वेळा एकच खेळ सुचवतो. त्याला एक फासा, एक कागद आणि एक पेन्सिल एवढेच साहित्य लागते. इंग्रजीत त्याला ‘पिग’ म्हणतात आणि जॉन स्कार्न या पत्ते-फाशांच्या अमेरिकी जाणकाराने १९४५ मध्ये त्याची माहिती छापली होती. मी मात्र शिकवताना त्याला ‘शंभरी’ म्हणतो, कारण जो आधी शंभर गुण करील तो जिंकला, एवढेच त्याचे साध्य आहे.

नियम दोन मिनिटांत सांगून होतात. आपली पाळी आली की फासा टाकायचा. दोनपासून सहापर्यंत जे दान पडेल तेवढे गुण त्या पाळीच्या खात्यात येतात आणि प्रत्येक दानानंतर खेळणाऱ्याने ठरवायचे की पुन्हा टाकायचे की थांबायचे. थांबला, तर त्या पाळीत साठलेले सगळे गुण त्याच्या नावावर कायमचे जमा होतात आणि फासा पुढच्या भिडूकडे जातो. मात्र टाकत असताना एक पडला, तर त्या पाळीत साठलेले सगळे गुण जातात, पाळीही जाते आणि त्या पाळीपुरता भोपळा मिळतो. आधीच्या पाळ्यांमध्ये जमा झालेल्या गुणांना धक्का लागत नाही. संपूर्ण खेळ एवढाच आहे, आणि तरीही त्यात दर काही सेकंदांनी एक खराखुरा निर्णय घ्यावा लागतो, म्हणून मोठ्यांनाही तो कंटाळवाणा वाटत नाही.

ही एक पाळी जवळून पाहा. समजा, धाकटीच्या नावावर आधीचे अठरा गुण जमा आहेत. तिने फासा टाकला, चार पडले. पुन्हा टाकला, सहा पडले. पाळीचे दहा झाले. ती थबकते, फाशाकडे बघते आणि पुन्हा टाकते: तीन. पाळीचे तेरा. या क्षणी ती थांबली, तर तिचे अठरा आणि तेरा मिळून एकतीस होतील. ती पुन्हा टाकते आणि एक पडतो. तेरा गेले, अठरा मात्र शाबूत आहेत. बहुतेक मुले या ठिकाणी ‘माझे सगळे गुण गेले’ असे समजतात आणि रडू फुटते ते याच गैरसमजातून. म्हणून पाळीतल्या गुणांना ‘कच्चे’ आणि जमा झालेल्या गुणांना ‘पक्के’ म्हणायची सवय पहिल्या दिवसापासून लावावी.

सात वर्षांच्या मुलीला हा कच्च्या-पक्क्याचा फरक शब्दांनी सांगण्यापेक्षा हाताने दाखवणे अधिक सोपे जाते. शर्टाची शंभर-दीडशे जुनी बटणे, चिंचोके किंवा खडे घ्या, एक उघडी वाटी मधोमध ठेवा आणि प्रत्येकासमोर एकेक डबी ठेवा. जेवढे दान पडेल तेवढी बटणे वाटीत टाकायची. थांबलो की वाटीतली बटणे आपल्या डबीत ओतायची. एक पडला की वाटी रिकामी करून बटणे ढिगात परत टाकायची. डबीला कोणीही हात लावायचा नाही. तीन-चार पाळ्यांमध्ये ती मुलगी आपण होऊन म्हणू लागते की वाटीतले गेले तरी डबीतले आहेत, आणि त्यानंतर बटणे बाजूला ठेवून कागदावर लिहायला हरकत नसते. त्या वयाच्या मुलांची बेरीज या खेळाने चांगली पक्की होते. पण तो हेतू तिला ऐकवू नये, नाहीतर खेळाचा अभ्यास होतो.

काही बारीक गोष्टी खेळ सुरू होण्यापूर्वीच ठरवाव्यात, कारण भांडणे मुख्य नियमांवरून होत नाहीत, ती याच गोष्टींवरून होतात. फासा पाटाखाली किंवा टेबलाखाली घरंगळला, तर ते दान धरायचे नाही, पुन्हा टाकायचे. कशाला तरी टेकून तिरका उभा राहिला, तरीही पुन्हा टाकायचे. हातातून सुटलेला फासा म्हणजे टाकलेला फासा. ‘हे खरे नव्हते, मी नुसते खेळवत होतो’ ही सबब चालणार नाही. थांबताना ‘थांबलो’ किंवा ‘थांबले’ असे मोठ्याने म्हणायचे आणि एकदा म्हटल्यावर शब्द फिरवायचा नाही. फासा एखाद्या खोलगट ताटात रुमाल अंथरून त्यावर टाकावा, म्हणजे आवाजही होत नाही आणि तो पळतही नाही. फासा घेताना समोरासमोरच्या बाजूंची बेरीज सात येते का, तेवढे पाहून घ्यावे: एकच्या विरुद्ध सहा, दोनच्या विरुद्ध पाच, तीनच्या विरुद्ध चार. नेहमीच्या फाशाची रचना अशीच असते, आणि मुलांना हे तपासून पाहायला फार आवडते.

पहिला डाव शंभरचा ठेवू नये. पाच जणांचा शंभरचा डाव सहज पाऊण तास चालतो आणि नियमच नवे असताना लहान मुलाचा धीर तेवढा टिकत नाही. पहिल्या दिवशी पन्नास गुणांचा डाव पुरे. त्याआधी एक पाळी सर्वांनी मिळून ‘उघडी’ खेळावी: फासा आपण टाकावा, आणि टाकायचे की थांबायचे हे सगळ्यांनी हात वर करून सांगावे. आजी बहुधा लवकर थांबा म्हणतील, मुलगा पुढे चला म्हणेल, आणि खेळाचे मर्म दोन्ही मुलांना तुमच्या स्पष्टीकरणाशिवाय कळेल.

यानंतर मात्र कोणी कोणाला काही सुचवायचे नाही, हा नियम मी सर्वांत महत्त्वाचा मानतो. मी स्वतः यात एकदा सपशेल चुकलो आहे. सुरुवातीच्या काळात एका आठ वर्षांच्या मुलाला शिकवताना मी त्याच्या प्रत्येक दानानंतर ‘आता धोका वाढला’, ‘आता थांबलेले बरे’ असे सांगत राहिलो. त्याचे गुण चांगले झाले, तो डावही जिंकला, आणि मग त्याने फासा माझ्यापुढे ठेवून सांगितले की आता तुम्हीच खेळा. त्याचे बरोबर होते, कारण या खेळात फासा टाकायला कोणीही चालतो. खेळणारा तो, जो थांबायचे ठरवतो. तो निर्णय मोठ्या माणसाने काढून घेतला की मुलाच्या हातात उरते ती नुसती हमाली. तेव्हा धाकटी तीस कच्च्या गुणांवर पुन्हा फासा उचलू लागली, तरी गप्प बसावे. तिचे तीस गेले, तर ती त्यातून जे शिकेल ते आपल्या दहा सूचनांतून शिकणार नाही.

आता प्रश्न येतो की थांबावे कधी. याचे उत्तर आपल्याला ठाऊक असावे. मुलांना ते दोन-चार आठवडे खेळल्यानंतर, त्यांनी विचारले तर, सांगावे. समजा वाटीत वीस कच्चे गुण आहेत. आपल्यासारखेच सहा जण वीस गुणांवर बसले आहेत आणि सहाही जणांनी आणखी एकेकदा फासा टाकला, अशी कल्पना करा. प्रत्येकाला वेगळे दान पडले असे धरू. ज्याला एक पडला त्याचे शून्य झाले. उरलेल्या पाच जणांचे अनुक्रमे बावीस, तेवीस, चोवीस, पंचवीस आणि सव्वीस झाले. बेरीज होते १२०, आणि ती सहा जणांत वाटली तर प्रत्येकी पुन्हा वीसच येतात. म्हणजे वीसवर टाकले काय आणि थांबले काय, सरासरीने सारखेच. हाच हिशोब चौदा गुणांवर करा: सोळा ते वीस या पाच आकड्यांची बेरीज नव्वद, म्हणजे प्रत्येकी पंधरा, टाकणे फायद्याचे. तीस गुणांवर करा: बत्तीस ते छत्तीस यांची बेरीज १७०, म्हणजे प्रत्येकी अठ्ठावीसच्या किंचित वर, टाकणे तोट्याचे. यावरून साधा नियम निघतो की वीस किंवा त्याहून अधिक कच्चे गुण झाले की थांबावे. हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, या आपल्या म्हणीला इथे नेमका आकडा मिळतो.

आपल्या मुलासारख्या दहा वर्षांच्या मुलाला याहून एक पायरी पुढचा हिशोबही समजतो. एका दानात एक न पडण्याची शक्यता सहात पाच आहे. ओळीने चार दाने एक न पडता जाण्याची शक्यता सुमारे ४८ टक्के येते, म्हणजे निम्म्याहून थोडी कमी. (सतराव्या शतकात फ्रान्समधील शव्हालिए द मेरे याच्या नावाशी जोडलेली प्रसिद्ध पैज हीच आहे: चार दानांत एकदा तरी सहा पडेल यावर बोली लावणे. तिथे सहा होता, इथे एक आहे, आकडे तेच.) एक सोडून उरलेल्या दानांची सरासरी चार येते. त्यामुळे जो भिडू दर पाळीला फक्त एकदाच टाकून थांबतो, त्याला पाळीमागे सरासरी ३.३ गुण मिळतात. तीनदा टाकणाऱ्याला ६.९, पाच किंवा सहा वेळा टाकणाऱ्याला साधारण ८, आणि हावरेपणाने दहा वेळा टाकण्याचा हट्ट धरणाऱ्याला पुन्हा ६.५ च्या आसपास. पाचदा आणि सहादा टाकणाऱ्याची सरासरी अगदी तंतोतंत सारखी येते. ती का, हे कोडे मी मोठ्या मुलांना घालतो आणि उत्तर सांगत नाही. दाने मोजण्यापेक्षा गुण मोजून वीसला थांबणारा भिडू या सर्वांच्या किंचित पुढे, सरासरी ८.१ वर असतो. याचा अर्थ शंभरला पोहोचायला त्यालाही साधारण बारा-तेरा पाळ्या लागतात, आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक पाळ्यांत त्याला भोपळाच मिळतो. हे शेवटचे वाक्य धाकटीला जरूर सांगावे. योग्य खेळणाऱ्यालाही पाचपैकी तीन वेळा भोपळा मिळतो म्हटल्यावर भोपळ्याची लाज राहत नाही.

मुलांच्या, आणि खरे सांगायचे तर मोठ्यांच्याही, डोक्यात एक समजूत घट्ट बसलेली असते: आत्ताच एक पडून गेला, म्हणजे आता लवकर पडणार नाही, किंवा बराच वेळ पडला नाही, म्हणजे आता पडणारच. फाशाला मागचे काही आठवत नाही. हे वाद घालून पटत नाही, म्हणून एखाद्या संध्याकाळी साठ वेळा फासा टाकून कागदावर रेघा ओढाव्यात. एक साधारण दहा वेळा पडायला हवा. प्रत्यक्षात सात वेळा पडेल किंवा तेरा वेळा पडेल, आणि त्यात काहीच वावगे नाही. मग प्रत्येक ‘एक’नंतरचे पुढचेच दान कोणते होते, ते मुलांना खुणेने शोधायला सांगावे. लागोपाठ दोनदा एक पडलेली जागा बहुधा सापडते, आणि सापडली की तिच्यावर वर्तुळ काढायला दोघेही धावतात.

वीसचा नियम डावाच्या मध्यापर्यंत चांगला चालतो, शेवटी मात्र तो मोडावा लागतो. दोघेच खेळत आहेत असे समजा. समोरच्याचे सत्त्याण्णव पक्के आहेत. आपले सत्तर पक्के आणि वाटीत वीस कच्चे आहेत. नियमाने थांबून नव्वद करावेत असे वाटते. पण समोरच्याला केवळ तीन गुण हवे आहेत, आणि ते त्याला पाचांतून चार वेळा त्याच पाळीत मिळतात. थांबलो, तर आपली जिंकण्याची शक्यता १२-१३ टक्क्यांच्या घरात राहते. न थांबता उरलेले दहा गुण गाठायचा प्रयत्न केला, तर ती निदान ५९ टक्के होते. अशा वेळी थांबणे हा शहाणपणा नाही, ती केवळ सवय आहे. टॉड नेलर आणि क्लिफ्टन प्रेसर या गेटिसबर्ग महाविद्यालयातील दोन संगणकशास्त्रज्ञांनी २००४ मध्ये दोन भिडूंसाठीची बिनचूक खेळी संगणकाने काढून दाखवली. ती इतकी वेडीवाकडी आहे की कोणाही माणसाने ती पाठ करू नये. पण तिच्या जवळ जाणारा एक घरगुती नियम त्यांनीच नंतर सुचवला: दोघांपैकी कोणाचेही पक्के गुण ७१ किंवा त्याहून अधिक झाले, की शंभर होईपर्यंत थांबायचेच नाही. पाच जणांत हा नियम जसाच्या तसा लागू होत नाही. तिथे मी एवढेच पाहतो की माझी पाळी पुन्हा येण्यापूर्वी कोणी संपवण्याची दाट शक्यता आहे का. असेल, तर टाकत राहतो.

एक गोष्ट आपल्या घरासाठी विशेष महत्त्वाची आहे. वीसला थांबणारा साधा भिडू आणि संगणकाइतका बिनचूक भिडू यांच्या जिंकण्याच्या प्रमाणात फारसा मोठा फरक पडत नाही. म्हणजे दादाने सगळे हिशोब शिकून घेतले, तरी धाकटी वीसच्या आसपास थांबत असेल, तर दोघांच्याच डावांत निम्म्याहून थोडे कमी डाव ती जिंकेलच. म्हणून तिला मुद्दाम जिंकवू नका. मुलांना ते लगेच कळते, आणि त्या जिंकण्याला मग काही किंमत राहत नाही. तिला सवलतीचे दहा गुण देणे, तिचा पहिला ‘एक’ माफ करणे वगैरे युक्त्याही मी टाळतो, कारण त्या म्हणजे कच्चा लिंबूच, फक्त वेगळ्या नावाने.

पहिली पाळी कोणाची, यावरूनही थोडा फरक पडतो. दोन्ही भिडू बिनचूक खेळले, तर पहिल्या भिडूचे पारडे सुमारे ५३ टक्क्यांचे असते. घरात याचा एवढा बाऊ करण्याचे कारण नाही. प्रत्येकाने एकदा फासा टाकावा, मोठे दान पडेल त्याने सुरुवात करावी आणि पुढच्या डावाला सुरुवातीचा मान त्याच्या डावीकडच्याला द्यावा. काही घरांत कोणी शंभर केले तरी फेरी पुरी खेळतात, म्हणजे सर्वांना सारख्या पाळ्या मिळतात. हे न्याय्य वाटते, पण मग शेवटच्या भिडूला नेमके किती हवेत ते ठाऊक असते आणि झुकते माप त्याच्याकडे जाते. मला स्वतःला शंभर होताच डाव संपवणे आवडते. आपण काहीही ठरवा, पण ते सुरुवातीला ठरवा. कोणी अठ्ठ्याण्णववर असताना ठरवायला गेलात, तर रडीचा डाव होणार हे निश्चित.

महिनाभराने दोन फाशांनी खेळून पाहता येईल. नियम असा की दोन्ही फाशांची बेरीज मिळते. एका फाशावर एक पडला तर कच्चे गुण जातात. दोन्हींवर एक पडला तर पक्केसुद्धा जातात. दोनपैकी निदान एका फाशावर एक पडण्याची शक्यता छत्तीसात अकरा, म्हणजे एका फाशाच्या जवळजवळ दुप्पट होते. त्यामुळे सहा जणांचा तोच हिशोब इथे छत्तीस जणांवर केला, तर थांबण्याची जागा अठराच्या आसपास येते. दोन्हींवर एक हे छत्तीसात एकदाच घडते, पण पंच्याऐंशी पक्के गुण एका दानात जाताना पाहणे सात वर्षांच्या मुलीला सोसवत नाही. धाकटी नऊ-दहा वर्षांची होईपर्यंत तो भाग वगळावा, असे माझे मत आहे.

राहिला अर्धवट डावाचा प्रश्न, कारण झोपायची वेळ नेमकी रंगात आलेल्या डावात होते. ‘ज्याचे जास्त गुण तो जिंकला’ असा निकाल देऊ नये. साठ गुण असलेला भिडू पन्नासवाल्याच्या पुढे आहे, पण त्याने डाव जिंकलेला नाही. मोडलेल्या डावातली बोली कशी वाटावी, या नेमक्या प्रश्नावर पास्कल आणि फर्मा या दोन फ्रेंच गणितज्ञांनी १६५४ मध्ये एकमेकांना पत्रे लिहिली आणि त्यातूनच संभाव्यतेच्या गणिताचा पाया घातला गेला. आपल्याला एवढे खोलात जायला नको. चालू असलेली पाळी पुरी करावी, म्हणजे वाटीत कच्चे गुण उरत नाहीत. मग प्रत्येकाचे पक्के गुण आणि पुढची पाळी कोणाची ते वहीत लिहून, त्याखाली दोन्ही मुलांच्या सह्या घेऊन, फासा वहीतच ठेवून द्यावा. सह्या मात्र घ्याव्यातच, कारण सकाळी उठल्यावर ‘काल माझे बावन्न होते’ असे दोघेही सांगतात.